घरचा नंबर

त्या घरात सकाळी आधी भांडी वाजायची आणि मग अण्णा वाजायचे.

म्हणजे अण्णांच्या गळ्यातला फोन वाजायचा. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून या सासऱ्यांनी एक जाडजूड फोन कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवला होता. आंघोळीपुरता तो उतरायचा, तोही सासूबाईंच्या हातात सोपवून. सासूबाई आणि दोन सुना, अशा घरातल्या तिन्ही बायकांची सगळी खाती या एकाच नंबरावर होती. भाजी मागवा, डॉक्टरची वेळ घ्या, नाहीतर मुलीच्या शाळेला रजा कळवा, खात्यात शिरायचा कोड यायचा तो अण्णांच्या छातीवर. त्याला सगळे घरचा नंबर म्हणायचे. बायकांकडे स्वतःचे फोन होते, पण ते बोलण्यापुरते. पुरुषांचे कोड मात्र पुरुषांच्याच खिशात वाजायचे, आणि यात काही वावगं आहे असं कोणाला वाटत नव्हतं.

"कोणाचा गं हा?" अण्णा बाहेरच्या खोलीतून ओरडायचे.

"माझा, अण्णा!" थोरली सून ओले हात पुसत धावायची.

"कशासाठी?"

"भाजी मागवतेय."

"काल नाही का आली?"

"काल दूध आलं."

"असं होय." मग अण्णा चष्मा शोधायचे, चष्मा कपाळावर सापडायचा, आणि ते एकेक आकडा तोलूनमापून सांगायचे. तोवर कोडाची मुदत संपलेली असायची. पुन्हा मागवा, पुन्हा धावा. थोरलीची मुलगी त्यांना कोडआजोबा म्हणायची आणि अण्णा त्यावर खूश असायचे.

ही रीत काही वाडवडिलांनी घालून दिलेली नव्हती. सासूबाईंच्या बहिणीला एका गोडबोल्या माणसानं फोनवर बोलता बोलता फसवलं, तिच्याकडून कोड काढून घेतला. मग नात्यातल्या पुरुषमंडळींनी एका दुपारी बसून ठरवलं, की यापुढे बायकांचे कोड घरच्या जाणत्या माणसाकडेच येतील. पुढे थोरल्या मुलानं एका बनावट दुकानातून महागडं घड्याळ मागवलं आणि खोक्यातून साबणाची वडी निघाली, तेव्हा कोणी बैठक बोलावली नाही. मावशी फसली तो बायकांचा भोळेपणा आणि मुलगा फसला तो अनुभव! धड दात न फुटलेली ही रीत, पण रुबाब असा की जणू पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय. नात्यात कुठेही नवी सून आली की पहिल्याच आठवड्यात तिच्या खात्यांचे नंबर बदलायचे, आणि तिनंही ते हसतमुखानं करून द्यायचं.

अण्णा वाईट होते का? मुळीच नाही, आणि सगळी अडचण तिथेच आहे. सुनांना बरं नसलं की औषध आणायला भर उन्हात तेच निघायचे. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. जो माणूस काळजीपोटी दुसऱ्याचा श्वास मुठीत धरून ठेवतो, त्याला सोड म्हणायचं कसं?

धाकट्या सुनेला हे सगळ्यांत आधी कळलं होतं. तिचा नवरा, म्हणजे अण्णांचा धाकटा मुलगा, आजारपणात गेला. त्यानंतर तिची झोप उडाली. अंग रेटत, कामं करत, ती कशीबशी दिवस ढकलायची. शेवटी तिनं थोरलीला विचारून एका समुपदेशक बाईची वेळ घेतली. भेटीची आठवण करून देणारा मेसेज अर्थातच अण्णांच्या छातीवर आला, आणि पाहुणे चहा पीत बसलेले असताना अण्णांनी तो नेहमीसारखा मोठ्यानं वाचला. वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला. "मनाचा डॉक्टर? अगं, एवढं काय झालंय तुला? आम्ही आहोत ना!" त्यांच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं. धाकटी मात्र त्या दिवसापासून त्या बाईंकडे गेली नाही. घरात आपल्याबद्दल कुजबुज होण्यापेक्षा तिनं जागं राहणं पत्करलं.

थोरलीनं हे पाहिलं होतं आणि ती मूग गिळून गप्प बसली होती. खरं तर या विषयात तिच्याइतकं माहीतगार घरात दुसरं कोणी नव्हतं. एकाच किल्लीनं अनेक ॲपांची दारं उघडून देणारी एक सेवा होती, तिच्या मदतकेंद्रात ती काम करायची. मागच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून. तिच्याच सांगण्यावरून सगळं घर त्या सेवेवर आलं होतं. दिवसभर लोकांच्या तक्रारी यायच्या. त्यांत रोज कुणी ना कुणी बाई लिहायची, की कोड माझ्या फोनवर येत नाही, मिस्टरांच्या फोनवर जातो आणि ते कामावर आहेत. थोरली ठरलेलं उत्तर चिकटवायची: कृपया नोंदवलेल्या नंबराच्या धारकाशी संपर्क साधावा. उत्तर गेलं की तक्रार मिटली असं धरलं जायचं. आपणही त्याच बायकांपैकी आहोत हे तिच्या मनात यायचं, नाही असं नाही. पण पुढची तक्रार वाट बघत असायची.

त्या दिवशी थोरली कपडे वाळत घालत होती. धाकटी बादली घेऊन आली आणि तिच्या शेजारी उभी राहिली. तिचा एक पाय सारखा हलत होता.

"ताई, मला आज एक कोड लागणार आहे."

"मग? भाजी म्हण आणि घे."

"नोकरीचा आहे."

थोरलीच्या हातातला चिमटा खाली पडला.

धाकटीची जीभ पहिल्यापासून तिखट. जागं राहायला लागल्यापासून तिनं एक उद्योग सुरू केला होता. घरात येणाऱ्या प्रत्येक यंत्राचं ॲप ती नीट वापरून बघायची आणि मग त्याखाली आपलं मत लिहायची. कपडे धुण्याच्या यंत्राबद्दल तिनं लिहिलं होतं, 'यंत्र कपडे धुतं आणि ॲप माणसाला धुतं. सुरू करायचं बटण शोधेपर्यंत माझी सासू हातानं धुऊन मोकळी झाली असती.' पंख्याच्या ॲपला तिनं विचारलं होतं, की उकाड्यानं जीव चाललेल्या माणसानं आधी तुमचं माहितीपत्रक वाचायचं का? कुठे काय अडतं, कोणतं बटण कुठे हवं होतं, म्हाताऱ्या माणसाला कोणती अक्षरं दिसत नाहीत, सगळं ती शिव्यांच्या ओघात नेमकं सांगायची. त्या यंत्रांच्या कंपनीनं ते वाचलं, तिच्याशी फोनवर दोनदा बोलून घेतलं, आणि आता बोलावणं आलं होतं. आमची ॲपं बाजारात जाण्याआधी तुम्ही वापरून बघा आणि आम्हाला अशाच शिव्या घाला. काम दुसऱ्या शहरात, राहायची सोय त्यांची. आज त्यांचं कार्यालय बंद होईपर्यंत खात्यात शिरून होकार कळवायचा होता.

"अगं बाई!" थोरलीनं तिला मिठीच मारली. मग लगेच आवाज खाली आणला. "भाजीच म्हण. माझं ऐक. या घरात भाजीच्या नावाखाली किती काय काय आलंय, तुला माहीत नाही. मी माझा दाताचा डॉक्टरसुद्धा भाजीतच आणला."

"भाजी म्हणून नोकरी घेऊ?" धाकटी म्हणाली. "आणि पेटी उचलून निघेन तेव्हा काय सांगू, भाजी आणायला चाललेय म्हणून? नाही ताई. एवढी एक गोष्ट मला खरं सांगून करायचीय."

ती सरळ बाहेरच्या खोलीत गेली. थोरलीची कामाची वेळ झाली होती. ती मागच्या खोलीत जाऊन बसली, पण दार उघडं ठेवलं. कानात लोकांच्या तक्रारी आणि जीव बाहेरच्या खोलीत.

अण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "काय कमी करतो आम्ही तुला?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही, अण्णा."

"मग?"

"मला काम करायचंय. मला जमतं ते."

सासूबाई भाजी निवडता निवडता थांबल्या. "माझा मुलगा गेला, आता तूही निघालीस. लोक काय म्हणतील? सुनेला घराबाहेर काढलं म्हणतील."

"मी सांगेन ना लोकांना, की मी आपण होऊन गेले म्हणून."

"ते तर त्याहून वाईट!"

"थांबा, थांबा," अण्णा म्हणाले. "संध्याकाळी थोरला येईल. त्याच्याशी बोलून ठरवू. घाई कशाची?"

"संध्याकाळी मुदत संपेल, अण्णा. कोड मागवतेय मी. येईल तो फक्त सांगा."

फोन वाजला. अण्णांनी पिशवीवर मूठ ठेवली. धाकटी समोर उभी आणि सासरे तिच्याकडे न बघता भिंतीकडे बघत बसलेले. कोड मेला. तिनं पुन्हा मागवला. पुन्हा फोन वाजला, पुन्हा मूठ आवळली. तिसऱ्यांदा फोन वेगळ्याच सुरात वाजला. अण्णांनी सवयीनं फोन बाहेर काढला आणि सवयीनंच मोठ्यानं वाचलं. "तुमच्या खात्यात शिरायचा वारंवार प्रयत्न होत आहे. हे तुम्हीच आहात का? खाली दोन बटणं आहेत. हो. मी नाही."

"हो दाबा, अण्णा," धाकटी म्हणाली. "ती मीच आहे."

"मला विचारतायत ते. आणि मी तर नाही." अण्णांनी 'मी नाही' दाबलं.

भोळेपणानं दाबलं की जाणूनबुजून, हे अण्णांनाही धड सांगता आलं नसतं. धाकटीच्या उघड्या ॲपमध्ये खातं गोठवल्याची ओळ उमटली. ती वाचून ती मागच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"ताई, आता तू कर काहीतरी. तुमचीच सेवा आहे ना ही?"

थोरलीला उत्तर पाठ होतं. कृपया नोंदवलेल्या नंबराच्या धारकाशी संपर्क साधावा. धारक बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते, त्यांच्याशी संपर्क झाला होता, आणि त्याचा निकालही समोर होता. आपण रोज किती बायकांना अशा खुर्चीसमोर परत पाठवतो, हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा नीट दिसलं. तिला स्वतःची मनापासून लाज वाटली.

नात्यातल्या माणसाच्या खात्याला हात लावायची तिला परवानगी नव्हती. तिनं टीम लीडरबाईंना फोन लावला आणि आवाज मोठा केला. तोवर अण्णा आणि सासूबाईही दाराशी आले होते.

"मॅडम, माझ्या जावेचं खातं गोठलंय. नोंदवलेला फोन तिच्या ताब्यात नाही. तिच्या स्वतःच्या नंबरावर खातं वळवायचंय. तुम्ही करा, मी हात लावत नाही."

"हो, चालेल. फोन हरवलाय की चोरीला गेलाय?"

"दोन्ही नाही. घरातच आहे. सासऱ्यांकडे."

"मग त्यांनाच सांगा ना कोड द्यायला!"

"ते देत नाहीत."

पलीकडे कळफलकाची टकटक झाली. "असा काही पर्याय नाहीये हो आपल्याकडे. नंबर कशासाठी बदलला ते लिहावंच लागतं. हरवला किंवा चोरीला गेला. दोनच आहेत. काय लिहू?"

थोरलीनं दाराकडे पाहिलं. अण्णा छातीवर मूठ धरून उभे होते, कुणीतरी आत्ता हिसकावून घेईल अशा भीतीनं. हेच हात तिच्या मुलीला चालायला शिकवणारे. हरवला म्हटलं असतं तर कुणाचंच मन दुखावलं नसतं. पण फोन हरवला नव्हता, तो समोर होता.

"चोरीला गेला," ती म्हणाली. "तसंच लिहा."

"मी चोर?" अण्णांचा आवाज चिरकला. "माझ्या घरात, मी?"

"तुम्ही चोर नाही, अण्णा," थोरली म्हणाली. "पण तिची वस्तू तिच्याकडे नाही. आणि मागून मागून थकली तरी मिळत नाही. याला मला दुसरा शब्द येत नाही."

लीडरबाईंनी सगळं ऐकलं असणार. त्यांनी धाकटीला कॅमेऱ्यासमोर बसवलं, ओळखपत्र दाखवायला लावलं, दोन-चार प्रश्न विचारले. नंबर बदलला. धाकटीनं थोरलीचा हात घट्ट धरला. मग तिच्या फोनवर, पहिल्यांदाच तिच्या स्वतःच्या फोनवर, सूचना आली: नवा नंबर नोंदवला आहे. आपल्या सुरक्षिततेसाठी तो उद्यापासून लागू होईल.

हा नियम थोरलीला माहीत होता, गडबडीत ती विसरली होती. हरवला असो की चोरीला गेलेला, नोंद झाली की खातं एक दिवस बंदच राहतं, चोराच्या हाती काही लागू नये म्हणून. तिनं स्वतः कितीतरी लोकांना गोड आवाजात समजावलं होतं, की थोडी कळ काढा, हे तुमच्याच भल्यासाठी आहे. तिनं लीडरबाईंना पुन्हा विनवलं. त्या तरी काय करणार? ते कुलूप त्यांच्याही हातात नव्हतं.

धाकटीनं यंत्रांच्या कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी समजूतदार होती, पण होकार त्या एकाच वाटेनं घ्यायचा असं त्यांचं ठरलेलं. मुदत टळली तर पुढच्या उमेदवाराला कळवावं लागेल, ती म्हणाली. मुदत टळली.

संध्याकाळभर धाकटी घरभर फिरत राहिली. या खोलीतून त्या खोलीत, काहीतरी उचलायची, काहीतरी ठेवायची. वाळलेल्या कपड्यांच्या तिनं घड्या केल्या, मोडल्या, पुन्हा केल्या. रडली असती तर थोरलीला बरं वाटलं असतं.

थोरला कामावरून आला तो दारातच तापला. सासूबाईंनी फोनवर सगळं सांगितलं होतं. "अण्णांना चोर म्हणालीस तू?"

"फोन चोरीला गेला म्हणाले."

"एकच झालं ते! वडील आहेत ते माझे. जेवले नाहीयेत दुपारपासून."

"अहो, तिची नोकरी गेली. ती जेवली का, हे विचारलंत?"

थोरल्याला खरंच सुचलं नव्हतं ते. "एवढं काय त्यात?" तो पुटपुटला. "दुसरी मिळेल."

"तुमच्या फोनचा कोड अण्णांच्या गळ्यात अडकवू या का? आठवडाभर. एवढं काय त्यात?"

थोरल्याचा हात खिशातल्या फोनवर गेला.

दुसऱ्या दिवशी थोरली अण्णांसमोर जाऊन उभी राहिली. "अण्णा, मी माझाही नंबर बदलतेय. कोड येईल. तेवढा सांगा." फोन वाजला. अण्णांनी तो बाहेर काढला, चष्मा लावला आणि काही न विचारता एकेक आकडा सांगितला. आवाज पडलेला होता. सांगून झाल्यावर म्हणाले, "मला वाटायचं, मी राखण करतोय."

"माहितीये, अण्णा."

एवढंच बोलणं झालं. सासूबाई मात्र पुढे कितीतरी दिवस, घर फोडलंस, एवढंच थोरलीला ऐकवत राहिल्या. धाकटीनं नेटानं पुन्हा काम शोधलं. एका दवाखान्याच्या ॲपची तपासनीस म्हणून तिला नोकरी मिळाली, पहिलीपेक्षा लहान. दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन ती राहू लागली. निघताना ती अण्णांच्या पाया पडली आणि अण्णा तिच्या डोक्यावर हात ठेवून ढसाढसा रडले. तरी ती गेली.

थोरलीला आता ते ठरलेलं उत्तर चिकटवता येईना. हरवला किंवा चोरीला गेला, ही दोनच कारणं तिला दिवसभर डाचायची. तिनं कार्यालयात तिसरं कारण मागितलं: माझा नंबर घरच्या माणसाच्या ताब्यात आहे. आणि त्याला ते एक दिवसाचं कुलूप नको. एक माणूस बाईशी बोलेल, ओळख पटवेल आणि त्याच दिवशी खातं तिच्या हाती देईल. वरच्या साहेबांनी आधी हसण्यावारी नेलं. "घरच्या माणसाबद्दल असं कोण लिहून देईल? आणि कशाला एवढी उठाठेव, महिन्याकाठी एखादी तक्रार येत असेल." थोरली त्यांच्या मागे लागली, पुन्हा लागली, त्यांच्या नाकात दम आणला. लीडरबाई तिच्या बाजूनं उभ्या राहिल्या. शेवटी कटकट नको म्हणून तो पर्याय घातला गेला.

तो सुरू झाला त्या दिवशी सकाळीच साहेबांचा घाईघाईचा फोन आला. नव्या पर्यायात काहीतरी बिघडलंय, ते म्हणाले. त्या तिसऱ्या कारणासमोरची खूण आपोआप उमटत चाललीय, तक्रारींची रांग थांबायचं नाव घेत नाहीये, ताबडतोब बंद करा ते. प्रोग्रॅमर कामाला लागले. त्यांनी पान तपासलं, बटण तपासलं, आलेल्या तक्रारी एकेक उघडून पाहिल्या. थोरली मागच्या खोलीत पडद्यासमोर बसून नखं खात होती.

दुपारी त्यांनी सांगितलं, की बिघाड कुठेच नाही. प्रत्येक खूण कुणीतरी बाईनं आपल्या हातानं केलेली आहे.

थोरलीनं हेडफोन कानाला लावला आणि रांगेतल्या पहिल्या बाईला फोन केला. ती बाई तुमच्या घरातली असेल, तर एवढं करा. फोन तिला उचलू द्या.